पार्किंगमधली जुनी सायकल ऑफिसला आणि घाटालाही चालेल अशी कशी करायची

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली बघा, दोन-चार सायकली धूळ खात पडलेल्या असतात. टायर बसलेले, चेन गंजून लाल, सीटचा फोम बाहेर आलेला. पोरगा मोठा झाला, टू-व्हीलर आली, सायकल तिथेच राहिली, आणि एक दिवस सेक्रेटरी नोटीस लावतो की आठ दिवसांत हलवा नाहीतर भंगारात जाईल. त्यातल्या बऱ्याच सायकली स्टीलच्या असतात आणि स्टीलची फ्रेम सरळ असेल तर सायकल मेलेली नसते, फक्त कोरडी पडलेली असते. अशी सायकल भंगारात किलोवर जाताना बघून जीव तुटतो म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुनी सायकल जड वाटते म्हणून लोक लगेच गियरचा विचार करतात. पण सायकल जड वाटते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: चाकांच्या आणि पायडलच्या सांध्यांतले छर्रे कोरडे, टायरमध्ये हवा कमी, आणि सीट खूप खाली. ही तीन कामं झाली की तीच सायकल ओळखू येत नाही. त्यामुळे पैसे आणि वेळ आधी चाकं, छर्रे, ब्रेक ह्यात घालायचा, मग सीट-हॅन्डलची उंची जुळवायची आणि गियर, कॅरियर, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

कुठली सायकल घ्यायची

काळी उंच २८ इंची सायकल, दूधवाल्याकडे असायची तशी, दांडीचे ब्रेक असलेली, ती सपाट रस्त्यावर रोजच्या कामाला एक नंबर आहे. वजन जास्त पण मजबूत, चिखलात पँट खराब होत नाही कारण पूर्ण मडगार्ड आणि चेनकव्हर असतं. पण तिचे दांडीचे ब्रेक आणि स्टीलची रिम घेऊन घाट उतरायचा विचार करू नका.

सगळ्यात कामाची म्हणजे २६ इंची, सरळ हॅन्डलची, बिनगियरची स्टीलची सायकल, नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात शाळाकॉलेजच्या पोरांना घेऊन द्यायचे ती. पुढे शॉकॲब्सॉर्बर नसलेली, साधा चिमटा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) असलेलीच शोधा. पार्ट कुठल्याही पेठेतल्या सायकलच्या दुकानात मिळतात आणि फ्रेम अशी असते की मोठे टायर, मडगार्ड, कॅरियर सगळं बसतं. हा लेख मुख्यतः हिच्यासाठी आहे.

पुढे-मागे दोन्हीकडे शॉकॲब्सॉर्बर आणि स्वस्तातले डिस्क ब्रेक असलेली सायकल फुकट मिळाली तरी नको. स्प्रिंगमध्ये तुमची अर्धी ताकद जाते, मागे कॅरियर नीट बसत नाही, आणि सांध्यांमधले बुश झिजले की तसलेच परत मिळत नाहीत.

आणि हल्ली आयटीवाल्यांच्या वापरलेल्या हायब्रीड सायकली (रस्त्याची आणि डोंगरी सायकल ह्यांच्या मधल्या), ७०० सी म्हणजे मोठ्या पातळ चाकाच्या, सात-आठ गियरच्या, बऱ्याच विकायला येतात, हौसेने घेतलेल्या आणि फार न चाललेल्या. बजेट असेल आणि डोक्यात आधीपासून लांबची राइड असेल तर ती घ्या, गियर बसवायचा व्याप वाचतो.

विकत घेताना बीबीच्या खाली, म्हणजे जिथे पायडलचा एक्सल फ्रेममधून जातो त्या नळीच्या पोटाला, नाहीतर सीटच्या नळीवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो तो बघा. खोडलेला असेल तर सायकल सोडून द्या. नंबर असेल तर साध्या कागदावर नंबर, तारीख, किंमत, सही घेऊन ठेवा. सोसायटीतली सायकल उचलणार असाल तर मालकाला विचारूनच, नुसता वॉचमन हो म्हणाला म्हणून नाही.

फ्रेम बघायची पद्धत

हॅन्डलच्या खालची नळी म्हणजे हेडट्यूब, तिच्या मागे जिथे दोन नळ्या जोडल्यात त्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. तिथे फुगवटा लागला किंवा रंगाला आडवी बारीक चीर दिसली तर सायकल कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे. ती घेऊ नका. चिमटा बाजूने बघा, तो खाली जाताना पुढे वळलेला हवा, मागे दबलेला दिसला तर बदलावा लागेल.

मग दोरीची टेस्ट. मागच्या चाकाचा एक्सल फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतो त्यातल्या एका बाजूच्या खाचेला जाड सुती दोरा बांधा, पुढे हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर फ्रेम सरळ. एकदोन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलेला आहे, आणि स्टील असेल तर जुना जाणता कारागीर तो ओढून सरळ करू शकतो, ॲल्युमिनियम असेल तर त्याच्या नादी लागू नका.

सीट पिलर, म्हणजे सीटखालची फ्रेममध्ये जाणारी नळी, हलतोय का ते पण जागेवरच बघा. पावसात उभ्या असलेल्या सायकलींचा पिलर आत गंजून धरलेला असतो आणि तो काढणं हे सगळ्यात वैतागाचं काम आहे. गंज सोडवणारं तेल वरून ओतून रात्रभर ठेवायचं, मग जुनं सीट पिलरवर घट्ट बसवून ते हाताने डावीउजवीकडे फिरवत फिरवत वर काढायचं. फ्रेमवर हातोडी चालवायची नाही.

छर्रे, म्हणजे खरं काम

दुकानात "ओव्हरऑइलिंग करून द्या" म्हटलं की करून देतात, आणि चांगला कारागीर असेल तर जरूर करून घ्या. पण एकदा स्वतः करून बघा, पुढे रस्त्यात काही आवाज आला तर कुठून येतोय ते कळतं.

सामान फार लागत नाही. ८ ते १७ पर्यंतचे जोडपाने, कोनसाठी (एक्सलवरचा, छर्रे धरून ठेवणारा नट) १३-१४-१५ चे पातळ पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, निपलची (स्पोकच्या रिमकडच्या टोकावरच्या नटाची) चावी, चांगल्या प्रतीचं ग्रीस, चिंध्या, जुना टूथब्रश. धुवायला पूर्वी रॉकेल वापरायचे, ते आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. हे काम घरात नको, गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये, आणि वापरलेलं डिझेल ड्रेनेजमध्ये ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या.

पुढच्या चाकापासून सुरुवात करा, ते सोपं आहे. चाक काढा, खाली परात ठेवा, एका बाजूचा लॉकनट आणि कोन सोडवा आणि एक्सल हळूच बाहेर ओढा. छर्रे परातीत पडतील. दोन्ही बाजूचे वेगवेगळे मोजून ठेवा. साधारण पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या गाभ्यात) ३/१६ इंची दहा-दहा आणि मागच्यात पाव इंची नऊ-नऊ असतात, पण आधी कोणीतरी दुरुस्ती करताना एखादा कमी घातलेला असू शकतो, त्यामुळे वाटीत सगळीकडे लावून एका छर्र्याला जरा कमी पडेल एवढी जागा उरते का ते बघायचं.

आता कोन डिझेलने स्वच्छ पुसून उन्हात धरा. जिथे छर्रे फिरतात तिथे एक चकचकीत पट्टा दिसेल. पट्टा गुळगुळीत असेल तर कोन चांगला. त्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले, किंवा नख फिरवल्यावर अडकलं, तर कोन बदलायचा. हबमधली वाटी पण अशीच बघायची. छर्रे मात्र प्रत्येक वेळी सगळेच्या सगळे नवीन घालायचे, जुन्यात नवे मिसळायचे नाहीत, ते इतके स्वस्त असतात की तिथे वाचवण्यात अर्थच नाही.

वाटीत ग्रीस भरपूर भरा, छर्रे त्यात चिकटवून बसवा, एक्सल घाला, कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा. पुढचं काम हाताचं आणि जरा सबुरीचं: कोन पान्याने धरून लॉकनट आवळा, मग एक्सल दोन बोटांनी फिरवा. खरखर लागली तर जास्त घट्ट झालंय. एक्सल वरखाली हलवून टकटक जाणवलं तर सैल आहे. लॉकनट आवळताना कोन थोडा सरकतोच त्यामुळे पहिल्या झटक्यात जमत नाही, तीन-चारदा मागेपुढे करावं लागतं. बरोबर जमलं की चाक बसवून हलकासा धक्का द्या, ते कितीतरी वेळ फिरत राहतं आणि शेवटी व्हॉल्व्हची जड बाजू खाली येऊन झुलत झुलत थांबतं. मागच्या चाकाचं तेच, फक्त तिथे फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते मागचं दातेरी चक्र, मध्ये येतं.

पायडलच्या एक्सलचं, म्हणजे बीबीचं काम जरा अवघड. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सायकलींना कॉटर पिन असते, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर पक्की धरणारी पाचर. तिचा नट पिनच्या टोकाच्या पातळीला येईपर्यंत सैल करा, पूर्ण काढू नका नाहीतर आटे चेपतात. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा म्हणजे हातोडीचा मार छर्र्यांवर न जाता पाइपातून जमिनीत जाईल, आणि मग एकच जोरदार फटका. दहा हलके फटके मारले तर पिन वाकते आणि मग ड्रिल करून काढावी लागते.

चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. डावं पायडल पण उलट्या आट्याचं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगल्या सायकलींचे आटे गेलेत. खरं तर चेनच्या बाजूचा कप काढायची गरज नसते, तो तसाच ठेवून आतून चिंधीने पुसा, डाव्या बाजूने एक्सल आणि छर्रे काढा, साफ करा, ग्रीस भरा, परत बसवा. कॉटर पिन नवीन घ्या. एक क्रँक वर असताना तिच्या पिनचा नट पुढे येत असेल तर दुसरी क्रँक वर आणल्यावर तिचाही नट पुढेच यायला हवा, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. पिन हातोडीने आत बसवायची, नट फक्त ती सुटू नये म्हणून असतो. नटाने ओढून बसवायला गेलात तर आटे जातात. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पिन परत एकदा ठोकून नट आवळायचा, हे विसरू नका, नवी पिन पहिल्या काही दिवसांत बसते आणि सैल होते.

हेडसेटचं, म्हणजे हेडट्यूबमधल्या हॅन्डल फिरायच्या सांध्याचं, पण असंच, छर्रे बारीक असतात म्हणून खाली कापड पसरून काम करा. चिमटा कुठेही न अडता फिरला पाहिजे आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली तर हॅन्डलखाली खटखट होता कामा नये.

चाकं आणि टायर

चाकाचा आउट, म्हणजे डावीउजवीकडे डुलणं, काढायला सायकल उलटी करा, ब्रेकपॅडलाच काटा समजा. चाक फिरवताना रिम उजवीकडच्या पॅडला घासली तर त्या जागेचे डावीकडचे एकदोन स्पोक पाव आटा आवळा आणि उजवीकडचे तेवढेच सैल करा. पाव आट्याच्या वर जायचं नाही, परत फिरवून बघायचं. निपल आवळायची दिशा टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळासारखी असते. निपल गंजून धरलेले असतील तर आधी प्रत्येकाला तेलाचा एक थेंब देऊन रात्रभर ठेवा. शेवटी स्पोक बोटाने छेडून बघा, एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, एखादा ठप्प वाजला तर तो सैल आहे.

आता स्टीलच्या रिमबद्दल, आणि हे मी आग्रहाने सांगतेय. कोरड्या रस्त्यावर क्रोमची स्टील रिम चालून जाते. पण पावसात ओल्या स्टील रिमवर रबर नुसतं घसरतं, ब्रेक दाबल्यावर सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो. तुम्ही वर्षभर ऑफिसला जाणार असाल किंवा कधीही घाट उतरणार असाल तर सगळ्यात पहिला मोठा खर्च ॲल्युमिनियमच्या रिमवर करा, निदान पुढच्या चाकाला. रिम घ्यायच्या आधी हबची भोकं मोजा. २६ इंचीला बहुतेक ३६ असतात, काळ्या २८ इंचीला पुढे ३२ आणि मागे ४० असतात. रिम बदलली की स्पोकची लांबी पण बदलते त्यामुळे चाक बांधणाऱ्याकडे जुनं चाक अख्खं घेऊन जा आणि त्याच्याकडूनच बांधून घ्या.

टायरच्या साइजमध्ये लोक फार फसतात, कारण "२६ इंची" नावाची दोन-तीन वेगवेगळी मापं आहेत. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५०-५५९ असा आकडा असतो त्यातला दुसरा आकडा रिमचं खरं माप. एमटीबीसारख्या (डोंगरी सायकलसारख्या) २६ इंचीचं ५५९, जुन्या लेडीज आणि स्पोर्ट्स सायकलच्या २६ बाय १ ३/८ चं ५९०, काळ्या २८ बाय १ १/२ चं ६३५, आणि हायब्रीडचं ६२२. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो.

एमटीबीचे गाठीगाठीचे टायर डांबरी रस्त्यावर नुसते गुरगुरतात आणि ताकद खातात. ते काढून २६ बाय १.५ किंवा १.७५ चे गुळगुळीत टायर टाका. आपल्याकडचे खड्डे बघता मी तर म्हणते १.५ च्या खाली जाऊ नका. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत, १.५ ला साधारण ५५ ते ६५ पीएसआय, १.९५ ला ४० ते ४५. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा मीटरवाला उभा पंप घ्या, आठवड्यातून एकदा हवा बघा. ट्यूब घेताना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली घ्या, म्हणजे वाटेत कुठल्याही टायरच्या दुकानात हवा भरता येते. फक्त तिथे कॉम्प्रेसरचा पाइप थोडा थोडा दाबा, सायकलची ट्यूब लहान असते, एका दणक्यात फुटते.

ब्रेक

वायर नवीन, वायरची बाहेरची नळी नवीन, पॅड नवीन. ह्यात काटकसर नाही. ब्रेकची नळी आणि गियरची नळी आतून वेगळी असते, गियरची नळी ब्रेकला लावली तर जोरात दाबल्यावर फाटू शकते, दुकानदाराला सांगून ब्रेकचीच घ्या. नळी कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा आणि टोपी घाला. पॅडची पुढची कड रिमला मागच्या कडेपेक्षा मिलिमीटरभर आधी टेकली पाहिजे, म्हणजे ब्रेक किंचाळत नाहीत.

चिमट्यावर आणि मागे ब्रेकसाठी खुंट्या वेल्ड केलेल्या असतील तर ॲल्युमिनियमचे व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे लांब हात असलेले) बसवा, पत्र्याच्या ब्रेकपेक्षा जमीनअस्मानाचा फरक पडतो. पण त्याबरोबर व्ही-ब्रेकचीच लिव्हर घ्या, जुनी साधी लिव्हर वायर पुरेशी ओढत नाही आणि मुठीत पूर्ण दाबली तरी ब्रेक अर्धाच लागतो.

चेन, फ्रीव्हील आणि गियरचा प्रश्न

चेन झिजलीय का ते पट्टीने कळतं. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरल्या तर चेन बदला, १/८ जास्त भरल्या तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन उड्या मारते. बिनगियरची चेन जाड असते, १/८ इंची, गियरवाली ३/३२, सांगून घ्या. जोडकडीची क्लिप लावताना तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. बिनगियरला चेन मधोमध वरखाली साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. तेल प्रत्येक कडीच्या आत एक थेंब, मग बाहेरून चिंधीने पुसून काढायचं, बाहेर राहिलेलं तेल नुसती माती गोळा करतं. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे तेल नव्हे, तो साफ करायला.

आता गियर. समजा तुमच्या सायकलला पुढे ४४ दात आणि मागे १८ आहेत. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५ मीटर जाते. पौड रोडला, कर्वे रोडला हे ठीक. पण कात्रजच्या चढावर तुमचा वेग ताशी ९ किलोमीटरवर आला की पाय मिनिटाला फक्त ३० फेऱ्या मारतात, आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर पूर्ण वजन. मागे २२ दातांचं फ्रीव्हील टाकलं तर एका फेरीत ४ मीटर, त्याच वेगाला ३७ फेऱ्या. ऐकायला फरक कमी वाटतो पण गुडघ्यांना विचारा. १८ चं फ्रीव्हील सगळीकडे मिळतं, २० सहसा मिळतं, २२ शोधावं लागतं. रोजचा रस्ता चढउताराचा असेल तर हा सगळ्यात स्वस्तातला आणि सगळ्यात उपयोगी बदल आहे.

फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचेत बसणारा रिमूव्हर लागतो. रिमूव्हर पोलादी शिकंज्यात (वाइसमध्ये) धरायचा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं, कारण वर्षानुवर्षं पायडल मारून ते घट्ट होत गेलेलं असतं, पान्याने सुटत नाही. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा. १८ चं २२ केलं की तीच चेन ठेवली तर चाक खाचेत साधारण अर्धा इंच पुढे सरकतं. तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये कड्या वाढवा. आणि चाक सरकलं की मागचे ब्रेकपॅड परत जुळवा, नाहीतर ते रिमवर नीट टेकत नाहीत, रिमच्या खाली स्पोकच्या बाजूला सरकतात. हे बहुतेक जण विसरतात.

बिनगियरच्या फ्रेमला सात गियर बसवता येतात का? येतात. पण मागच्या दोन खाचांमधलं अंतर वाढवावं लागतं, लांब एक्सल, डिरेलर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), तो अडकवायचा हँगर, हॅन्डलवरचा शिफ्टर, पातळ चेन, बऱ्याचदा पुढचं चेनव्हील पण. एवढा खर्च आणि खटाटोप करून जे मिळतं त्यापेक्षा आधीपासून गियर असलेली जुनी सायकल घेणं मला पटतं. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ असलेल्या साध्या जुन्या एमटीबीला सगळ्यात हलक्या गियरमध्ये एका फेरीत जेमतेम १.७ मीटर जावं लागतं, त्यात पसरणी घाट पण बसून चढता येतो. ती मिळाली तर सस्पेन्शनवाला चिमटा काढून त्याच मापाचा साधा स्टीलचा चिमटा टाका, वजन पण कमी होतं.

अंगाला बसवणं

सीटची उंची अशी ठरवा: भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल पूर्ण खाली, त्यावर टाच ठेवा, पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना पायाचा पंजा पायडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. आपल्याकडे सगळ्यांना दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं, त्यामुळे सीट इतकी खाली असते की गुडघे दुखणारच. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावा, आठवडाभरात होते. पिलरवर कमीत कमी किती आत राहिला पाहिजे त्याची खूण असते, तिच्या वर काढू नका, कमी पडला तर लांब पिलर घ्या, जुन्याची जाडी व्हर्नियरने मोजून.

हॅन्डल रोजच्या वापराला सीटच्या उंचीएवढं किंवा थोडं वर. जुन्या हॅन्डलचा वरचा बोल्ट चार-पाच आटे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका, आतली पाचर सुटते, मग वर ओढता येतं. सीट खूप मऊ जेलची घेऊ नका, पहिले पाच किलोमीटर छान वाटते आणि तीस किलोमीटरनंतर तीच रुतायला लागते. थोडी कडक, मागे रुंद, सपाट ठेवलेली सीट लांबच्या प्रवासाला बरी.

ऑफिससाठी पूर्ण लांबीची मडगार्ड, आणि पुढच्या मडगार्डला खाली जुन्या ट्यूबचा रबरी पडदा, तो रस्त्याला जेमतेम न घासेल इतका, म्हणजे बूट कोरडे राहतात. मागे मजबूत कॅरियर आणि बॅग पाठीवर न घेता त्यावर. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही चांगले, मागचा कॅरियरवर बसवा, सीटखाली लावला तर जर्किनने झाकतो. घंटी आणि कुलूप हवंच, आणि कुलूप फ्रेममधून घालायचं.

लांबच्या राइडला निघायच्या आधी

सायकल तयार झाली की लगेच महाबळेश्वरला निघू नका. निदान पंधरा दिवस रोज ऑफिसला चालवा, मग रविवारी पानशेत किंवा बोपदेव घाट करून सासवड. जे काही सैल व्हायचं आहे ते ह्या काळात सैल होतं. कॉटर पिन, कॅरियरचे बोल्ट, नव्या बांधलेल्या चाकाचे स्पोक, हेडसेट, सगळं परत तपासा.

घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम तापते. जोरात दाबा, सोडा, परत दाबा, पुढचा-मागचा दोन्ही. सामान मागे लावलं असेल तर थांबायला जास्त अंतर लागतं हे सपाट रस्त्यावर एकदा करून बघा. पिशव्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, आणि थोड्या मागे सरकवून, नाहीतर पायडल मारताना टाच लागते.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची इच्छा असेल तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात. बिनगियरवर करणारे लोक आहेत, पण पहिली तरी गियरवर करा आणि रस्ता कमी चढाचा निवडा.

मनापासून सुचवायचा असेल तर कोकणचा सागरी रस्ता. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, चारही ठिकाणी जेट्टीवरून सायकल बोटीत घालता येते. पण नकाशावर समुद्राकाठचा दिसला म्हणून रस्ता सपाट नाही, प्रत्येक खाडीनंतर चढ आहे, छोटे पण उभे, त्यामुळे हलका गियर किंवा २२ चं फ्रीव्हील इथे खरं कामाला येतं. उतरून ढकलायला लागलं तर ढकला, त्यात काही कमीपणा नाही.

बरोबर दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, छोटा पंप, १५ चा पाना, ॲलन की, एक ब्रेकची आणि एक गियरची वायर, चेनची जोडकडी, प्लास्टिकचे टाय, आणि मागच्या चाकाच्या मापाचे दोन-तीन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून. जुन्या टायरचा बोटभर तुकडा पण ठेवा, टायर फाटला तर आतून तो लावून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. पंक्चर काढल्यावर ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून चिंधी फिरवायची, बाभळीचा काटा बहुतेक तिथेच असतो.

आणि कोकणातून आल्यावर त्याच दिवशी सायकल साध्या पाण्याने धुवा, पाइपाचा फवारा हबवर आणि बीबीवर मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, मग चेनला तेल, ब्रेकच्या वायरींच्या टोकांना थेंबभर, आणि सीट पिलर एकदा बाहेर काढून पुसून ग्रीस लावून परत खुणेवर.